स्कीइंगची ग्रुप ट्रिप: पहिला दिवस हसतखेळत पार पडावा म्हणून

आठ-दहा जणांचा ग्रुप पहिल्यांदाच बर्फावर उतरला की पहिल्या तासाभरात काय काय होणार हे जवळपास ठरलेलं असतं. एकाने उजवा बूट डाव्या पायात चढवलेला असतो आणि दुकानदाराने माप चुकवलं अशी त्याची खात्री असते. दुसरा दहा मिनिटं बाइंडिंगवर, म्हणजे स्कीवरच्या बूट पकडणाऱ्या भागावर, पाय आपटत असतो, पण बूट काही बसत नाही. तिसरी हाक ऐकून मागे वळते आणि तिच्या खांद्यावरच्या स्कीचा टोला चौथ्याच्या हेल्मेटला बसतो. लिफ्टवरून उतरताना तिघे एकमेकांच्या अंगावर पडतात आणि हसण्याच्या नादात कुणालाच उठता येत नाही. ही मजा व्हायलाच हवी, ग्रुपने जायचं ते त्यासाठीच. मात्र ज्या कारणांनी हसू येतं त्याच कारणांनी गुडघाही दुखावतो. ही कारणं मोजकी आहेत, आणि त्यातली बहुतेक बर्फावर पाय ठेवण्याआधी, बूट आणि बाइंडिंग घेतानाच दूर करता येतात.

सामान आदल्या संध्याकाळीच घ्या

भाड्याचं सामान सकाळी घ्यायचं ठरवलं की सगळी घाई बुटांवर निघते. मागे रांग असते, बाकीचे बाहेर थंडीत ताटकळत असतात, मग माणूस "चालेल हो" म्हणून मोकळा होतो. संध्याकाळी जा, बूट घालून दुकानातच पंधरा-वीस मिनिटं उभे राहा, फिरा, गुडघे वाकवा. बूट कुठे बोचतो हे दोन मिनिटांत कळत नाही.

स्की बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. उघड्या पायाने टाच भिंतीला टेकवून उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. पाऊल 26.3 सेंटिमीटर भरलं तर 26.5 मागा. बहुतेक कंपन्यांचं बाहेरचं प्लास्टिकचं कवच 26 आणि 26.5 या दोन्हींना एकच असतं, त्यामुळे अर्ध्या मापावर फार डोकं खपवू नका. खरी चूक वेगळीच होते: रोजच्या बुटासारखा ऐसपैस वाटावा म्हणून लोक एक-दोन मापं मोठा बूट घेतात. मोठ्या बुटात टाच उचलली जाते. टाच हलते म्हणून बकल आवळली जातात, आवळल्यामुळे पावलाचा रक्तपुरवठा अडतो आणि बोटं बधिर होतात. मग तो माणूस म्हणतो, बूट घट्ट आहे, अजून मोठा द्या. दुखणाऱ्या पायाचं कारण पुष्कळदा सैल बूट असतो, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा.

शंका असेल तर बुटाचं आतलं अस्तर काढायला सांगा. रिकाम्या कवचात पाऊल घाला आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा राहिली तर माप बरोबर. तीन बोटं मावत असतील तर तो बूट परत करा.

बूट घालण्याची पद्धत अशी: सगळी बकल आणि वरचा पट्टा पूर्ण सोडा. बकल बाहेरच्या बाजूला येतात. दोन्ही पायांची बकल एकमेकांकडे तोंड करून असतील तर बुटांची अदलाबदल झालेली आहे. बुटाची जीभ पुढे ओढून धरा, पाय आत सरकवा, टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा म्हणजे ती मागच्या खोबणीत बसेल. मग गुडघे पुढे वाकवून आधी नडगीवरची दोन बकल लावा. ती टाचेला जागेवर धरतात. चवड्यावरची दोन नुसती अडकवायची, आवळायची नाहीत. पुन्हा एकदा गुडघे वाकवा, वरची बकल आणखी एक खाच घट्ट करा आणि शेवटी पट्टा ओढा. सरळ उभे राहिल्यावर अंगठा पुढे टेकला पाहिजे, गुडघे वाकवल्यावर तो किंचित मागे आला पाहिजे आणि टाच उचलता कामा नये. अस्तर उबेने दबतं, म्हणून पहिल्या अर्ध्या तासानंतर बकल पुन्हा तपासा.

बुटात फक्त पाय आणि एक मोजा. दोन मोजे घातल्याने ऊब वाढत नाही, उलट सुरकुती पडून टोचतं आणि पाय दाबला गेल्याने गार पडतो. मोजा पातळ आणि गुडघ्यापर्यंत हवा. थर्मलची कड बुटाच्या वरच संपली पाहिजे. पँटच्या आतली बर्फ अडवणारी झालर बुटाच्या बाहेरून येते, आत खोचायची नसते.

वजन खरं सांगा, अनुभव वाढवून सांगू नका

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा आणि पडल्यावर सोडून देणारा भाग. तो किती जोर लागल्यावर सुटावा याचा आकडा दुकानातला तंत्रज्ञ पाच गोष्टींवरून काढतो: वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि तुम्ही कशा प्रकारे स्की करता. पन्नाशी गाठली की आकडा एक पायरी खाली येतो.

इथे ग्रुपमध्ये एक खास अडचण होते. फॉर्म सगळ्यांसमोर भरला जातो, शेजारी मित्रमंडळी डोकावत असतात, मग कुणी संकोचाने वजनातले आठ-दहा किलो खातो. आकडा कमी लागतो आणि साध्या वळणावर स्की पायातून निघून जाते. याच्या उलट चूक जास्त धोक्याची. मित्रांच्या देखत "मला येतं थोडंफार" असं म्हटलं की आकडा चढतो. नवशिक्या बहुधा सावकाश, पाय पिळवटून पडतो. त्या मंद पडण्यात पुरेसा झटका बसत नाही, जास्त आकड्याचं बाइंडिंग उघडत नाही, आणि ती पीळ गुडघ्यावर जाते. म्हणून प्रत्येकाने आपला कागद आपणच भरून हातात द्यावा, मोठ्याने विचारायचं नाही, चिडवायचं नाही. ही एक शिस्त पाळलीत तरी मोठं काम झालं.

स्की हातात आल्यावर दोन्ही स्कींवर, पुढच्या आणि मागच्या भागातल्या छोट्या खिडक्यांत दिसणारे आकडे बघा आणि फोटो काढून ठेवा. बाइंडिंग तुमच्या बुटाच्या लांबीला आणि तुमच्या वजनाला बसवलेलं असतं, म्हणून "तुझी स्की मला दे, बघू कशी चालते" हा प्रकार अजिबात नको. नवशिक्याला हनुवटी ते नाक एवढ्या उंचीची स्की पुरते. पोल म्हणजे हातात धरायची काठी. त्याचं माप घ्यायला तो उलटा धरा, टोकाजवळच्या चकतीच्या खाली मूठ आणि कोपर काटकोनात आलं की झालं. पुष्कळ प्रशिक्षक पहिल्या दिवशी पोल बाजूला ठेवायला लावतात. खुशाल ठेवा, त्याने तोल लवकर कळतो.

भाड्याच्या स्की दिसायला एकसारख्या असतात, म्हणून सगळ्यांच्या स्कींवर ठळक रंगाची चिकटपट्टी लावा आणि नंबराचे फोटो घ्या. जेवायला थांबाल तेव्हा जोड्या फोडून ठेवा: माझी एक आणि तुझी एक इथे, उरलेल्या दोन तिकडे. मग चुकून कुणी उचलून नेत नाही.

कपडे, ऊन आणि सकाळची रांग

कपड्यांचं थोडक्यात: अंगालगत घाम शोषून धरणारं सुती काही नको, मध्ये लोकरी किंवा फ्लीसचा थर, वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट. जीन्स भिजली की दिवस संपला. हातमोजे वॉटरप्रूफच हवेत, कारण पहिल्या दिवशी हात सतत बर्फात टेकतात. हेल्मेट डोक्यावर हलू नये, हनुवटीच्या पट्ट्याखाली एक बोट जाईल इतकीच ढील ठेवा. गॉगलला लख्ख उन्हात तिसऱ्या श्रेणीची गडद काच, ढगाळ दिवशी पहिल्या श्रेणीची फिकट. घामेजलेल्या कपाळावर गॉगल चढवून ठेवला की आतून धुकं धरतं, आणि आतली ओली बाजू पुसली तर तिच्यावरचा लेप निघतो.

उन्हाला कुणी कमी लेखू नये. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत परत उसळवतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं. सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या खाली आणि कानांनाही लावा. संध्याकाळी गॉगलचा पांढरा ठसा मिरवणारे चेहरे फोटोत छान दिसतात, पण रात्री ते चेहरे जळजळतात.

सकाळी ग्रुपचा वेग सर्वात सावकाश माणसाएवढाच असतो. जो आधी तयार होतो तो जाड कपड्यांत उकडून घामाघूम होतो आणि बाहेर पडल्यावर तोच आधी गारठतो. म्हणून क्रम ठरवा: आधी सगळ्यांचं बाथरूम, मग थर्मल, मोजे, पँट, सनस्क्रीन. बूट सगळ्यांनी एकदमच, निघायच्या दहा मिनिटं आधी. हेल्मेट आणि हातमोजे दारापाशी. लहान मुलांना शेवटी तयार करा, पण त्यांच्या मदतीला एक मोठा माणूस आधीच तयार असू द्या. लिफ्टचा पास जॅकेटच्या डाव्या खिशात, एकटा. बहुतेक फाटकांवरची पास वाचणारी यंत्रं डाव्या हाताला असतात, आणि पास मोबाइलला चिकटून असेल तर फाटक उघडत नाही. मग मागे रांग लागते आणि तो बिचारा अंगाची डावी बाजू खांबावर घासत बसतो. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते.

स्की बुटात चालताना बकल सैल ठेवा, टाच आधी टेकवा आणि जिना आडवे होऊन उतरा. स्की नेताना दोन्हींचे तळवे एकमेकांना लावा, बाइंडिंगजवळचे ब्रेक एकमेकांत अडकतील असे ठेवा. टोकं पुढे, बाइंडिंग खांद्याच्या मागे, पुढच्या भागावर हात. वळायचं असेल तर आधी थांबा, मागे पुढे बघा, मग वळा. कुणी हाक मारली तर फक्त तोंडाने उत्तर द्यायचं. गर्दीत स्की उभ्याच धरा.

बूट अडकवणं, थांबणं, पडणं, उठणं

सपाट जागा शोधा. उतारच असेल तर दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवा आणि आधी खालच्या बाजूची घाला. बूट बसत नसेल तर दोनच गोष्टी तपासा. एक, बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ; तो पोलने किंवा बाइंडिंगच्या कडेवर घासून काढा. दोन, मागची दांडी. ती खाली दाबलेली असली तरच बूट आत जातो, बूट बसला की ती आपोआप वर येते. वर उभी असेल तर हाताने खाली दाबा. मग आधी बोटांकडचा भाग पुढच्या कप्प्यात, नंतर टाचेने सरळ खाली जोर. खट्ट आवाज आला पाहिजे.

पहिला तास सपाटीवर एका पायात स्की घालून घसरायचा, मग आडव्या पायऱ्या चढायच्या, मग थांबायला शिकायचं. पुढची टोकं जवळ आणि मागची टोकं फाकवलेली, याला स्नोप्लाऊ म्हणतात. लहान मुलांना प्रशिक्षक त्याच आकाराला पिझ्झा म्हणून शिकवतात, मोठ्यांनाही तो शब्द पटकन लागू पडतो. टोकांमध्ये वीतभर अंतर ठेवा. ती एकमेकांवर चढतात याचं कारण बहुधा एका पायावर जास्त भार असणं. टाचा बाहेर ढकलायच्या, गुडघे आत चिकटवायचे नाहीत.

घाबरलं की शरीर मागे झुकतं, आणि नेमकं तेच घात करतं. भार मागे गेला की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, वळवायला ऐकत नाहीत आणि वेग वाढतो. नडगी बुटाच्या पुढच्या भिंतीला टेकलेली आहे ना, एवढंच तपासत राहा. नजर स्कीच्या टोकांकडे नको, जिथे जायचं तिथे हवी.

तोल जातोय असं वाटलं आणि सावरता येत नसेल तर बाजूला, कुल्ल्यावर पडा. हात ताठ करून टेकवू नका. हातात पोल घट्ट धरून पडल्याने अंगठ्याच्या मुळाचं लिगामेंट फाटण्याची इजा स्कीइंगमध्ये नेहमी दिसते, म्हणून पडताना पोल सोडून द्या. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका. गुडघ्याच्या कितीतरी इजा त्या धडपडीत होतात.

उठताना आधी दोन्ही स्की उताराच्या खालच्या बाजूला आणा, समांतर आणि उताराला पूर्ण आडव्या. टोकं जरी खाली वळलेली राहिली तरी उभं राहताक्षणी तुम्ही निघालात. मग पाय अंगाजवळ ओढा, वरच्या बाजूचा हात बर्फावर दाबा आणि कुल्ले स्कींच्या वर आणत उभे राहा. जमत नसेल तर वरच्या पायाची स्की काढा आणि एका पायावर उठा. मदत करणाऱ्याने पडलेल्याच्या खालच्या बाजूला आपली स्की आडवी लावून आधार द्यावा, वरून हात धरून ओढू नये. तसं ओढलं की दोघेही खाली जातात.

मित्राकडून शिकू नका

ग्रुपमध्ये दोन-तीन जण आधी स्की केलेले असतात आणि त्यांना शिकवायचा फार उत्साह असतो. त्यांच्यावर प्रेम असू द्या, पण पहिले दोन-तीन तास नवशिक्यांना प्रशिक्षकाकडेच द्या. मित्र कंटाळून लवकर वरच्या उतारावर नेतो, आणि घाबरलेला माणूस तिथे फक्त मागे झुकायला शिकतो. गट कौशल्यावरून पाडा, नात्यावरून नको. नवरा-बायको वेगळ्या गटांत गेले तर दोघांचंही शिकणं जास्त होतं. जेवायला सगळे एकत्र या.

लिफ्टवर

सुरुवातीला सरकता पट्टा असतो. त्यावर गुडघे सैल ठेवून नुसतं उभं राहायचं, शेवटी सरळ पुढे सरकून जागा मोकळी करायची. ओढत नेणाऱ्या लिफ्टच्या दांड्यावर किंवा चकतीवर बसायचं नसतं, ती फक्त ओढते. बसायला गेलात की दोरी लांबते आणि तुम्ही जमिनीवर. पडलात तर दांडा सोडा आणि लगेच मार्गाबाहेर व्हा, कारण मागचा येतोच आहे.

खुर्चीच्या लिफ्टला सगळ्यांनी एकदम घुसायचा मोह होतो. पहिल्या फेरीला एका खुर्चीत दोनच नवशिके बसवा आणि सोबत एक जाणता. पाठीवरची सॅक काढून पुढे धरा, पट्टे अडकून लोक लटकतात. पोलचे पट्टे मनगटातून काढा, दोन्ही पोल एका हातात. खूण केलेल्या रेषेवर उभे राहा, खांद्यावरून मागे बघा, खुर्ची गुडघ्यामागे लागली की बसा, खुर्चीचा सुरक्षेचा दांडा खाली घ्या.

वर पोचण्याआधीच कोण कुठल्या दिशेला वळणार ते ठरवा. एकावर एक पडण्याचं खरं मूळ हेच: डावीकडचा उजवीकडे वळतो, उजवीकडचा डावीकडे. दांडा वेळेत उचला, स्कीची टोकं वर धरा, स्की जमिनीला सपाट टेकल्यावर उभे राहा आणि सरळ पुढे जा. शेजाऱ्याचा हात धरू नका. पडलात तर पोल शोधत बसू नका, रांगत बाजूला व्हा. उतरायचं राहूनच गेलं तर उडी मारायची नाही. बसून राहा, लिफ्ट थांबते आणि कर्मचारी उतरवतात.

उतारावर ग्रुप म्हणून

वरून येणाऱ्याची जबाबदारी असते खालच्याला चुकवण्याची. हा आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या आचारनियमांतला सगळ्यात महत्त्वाचा नियम. युरोपात उतारांना सोप्याकडून अवघडाकडे हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग चालतात. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा. रंग त्या डोंगरापुरता खरा धरा, एका ठिकाणचा निळा उतार दुसरीकडच्या निळ्यापेक्षा बराच तीव्र असू शकतो.

थांबायचं ते कडेला, अरुंद किंवा वळणाआडच्या जागी कधीच नाही. ग्रुप फोटोही कडेलाच. नंतर येणाऱ्याने उभ्या असलेल्यांच्या खाली जाऊन थांबायचं, वर नाही. ज्याला अजून नीट थांबता येत नाही असा गडी वरून आला तर आख्खी रांग आडवी होते. ट्रेकला असतो तसा एक जाणता सगळ्यांच्या शेवटी ठेवा आणि एक पुढे. मोबाइलची रेंज नसेल असं धरून भेटण्याची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा.

कुणी दुखावलं तर त्याच्या वरच्या बाजूला काही अंतरावर दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवा, म्हणजे वरून येणारे सावध होतात. बूट काढू नका, तो पायाला आधार देतो. बाजूच्या खांबावरचा नंबर वाचून बचाव पथकाला कळवा.

शेवटची लिफ्ट कधी बंद होते ते विचारून ठेवा आणि नवशिक्यांचा दिवस तिच्या बराच आधी संपवा. मांड्या थरथरायला लागल्या की तीच वेळ. रात्री बूट गाडीत ठेवू नका, गारठलेलं प्लास्टिक इतकं कडक होतं की सकाळी पाय आत जात नाही. उबदार खोलीत वाळवा, हीटरवर नको, आणि बकल हलकी लावून ठेवा म्हणजे आकार टिकतो. दुसऱ्या दिवशी नडगी दुखत असेल तर आधी मोज्याची घडी किंवा आत गेलेली थर्मलची कड शोधा. तसं काही नसेल तर वरचा पट्टा एक खाच घट्ट करून बघा. सैल बुटात नडगी पुढच्या भिंतीवर दिवसभर आपटत राहते.